हिरव्या झाकणाचं पातेलं

वजनकाट्यावर चढण्याआधी ओतिलिया वाकून बूट काढायला लागली, तेव्हा इस्पितळातली आहारवाली, मिस पाचेको, हसून म्हणाली, "राहू द्या हो! बुटांनी काय एवढा फरक पडणारे?"

काट्यावर लाल आकडे उमटले. दोनशे चार पौंड. आता मिस पाचेको हसली नाही.

"एकशे पंच्याऐंशी," ती म्हणाली. "त्याच्या वर एक औंससुद्धा आमचे सर्जन चालवून घेत नाहीत. सप्टेंबर संपता संपता परत या. तोवर उतरवलंत तर भावाला मूत्रपिंड देता येईल. बाकी सगळं जुळलंय तुमचं."

"आणि नाही उतरलं तर?"

"तर त्यांना यादीत थांबावं लागेल, दुसऱ्या कुणाचं मूत्रपिंड मिळेपर्यंत."

यादी! तिच्या भावाच्या, नाबोरच्या, शेजारच्या खुर्चीवर रक्त धुवायला बसणारा एक म्हातारा होता, तोही यादीतच होता. एका सोमवारी त्याच्या खुर्चीवर दुसराच माणूस बसलेला दिसला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. नाबोरनं फक्त बहिणीला एवढंच सांगितलं, की नवीन माणूस घोरतो फार. तेहतीस वर्षांचं पोरगं ते. जर्दाळू, पीच, बदाम, जे झाडाला लागेल ते उन्हात तोडत राहिलं, तहान लागली की थंड कोला ढोसत राहिलं, आणि साखरेनं आणि उन्हानं मिळून त्याची दोन्ही मूत्रपिंडं खाल्ली. आता आठवड्यातून तीन दिवस मशीन. बाकीचे दिवस मशीनच्या थकव्यात.

मिस पाचेकोनं एक रंगीत कागद दिला. त्यावर ताटाचं चित्र होतं. ताटात गुलाबी मासा, हिरवी फुलं आणि लिंबाची एक चकती. मक्याची तोर्तिया नाही, घेवडा नाही, मिरचीचा ठेचासुद्धा नाही. असलं ताट ओतिलियानं उभ्या जन्मात कुणाच्या घरी बघितलं नव्हतं.

"आणि रोज अर्धा तास चालायचं," मिस पाचेको म्हणाली. आडनाव आपल्यातलं, पण पोरगी इथलीच जन्मलेली. बोलताना शब्द असे उचलायची जसा कुणी दुसऱ्याचा गरम तवा उचलावा.

"कुठे चालू?" ओतिलियानं विचारलं.

"कुठेही! तुमच्या आसपास बाग असेल, नदीकाठ असेल..."

ओतिलियानं तोंडातला शब्द गिळला. भाऊ मरायला टेकलेला असताना माणूस शब्द गिळतो.

परतीच्या वाटेवर मात्र, नवरा फिदेन्सिओ गाडी चालवत असताना, तिनं सगळे शब्द बाहेर काढले. "बाग म्हणे! आपल्या दारात रस्ता आहे तो ट्रकांचा. रस्त्याच्या पलीकडे बदामाची झाडं, तिथे औषधाची फवारणी. अलीकडे कालवा, त्याला कुंपण आणि कुंपणाला कुलूप. कुठे चालू? छपरावर? सतरा वर्षांपूर्वी सीमा ओलांडून मी इथे आले तेव्हा काय होते रे मी? काडी होते काडी! डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगर चढायचे. इथे आणून दहा-दहा तास एका जागी उभं केलं फळांच्या सरकत्या पट्ट्यापुढे. नुसती मनगटं हलवायची. फळ चांगलं, फळ नासकं, फळ चांगलं. नळाचं पाणी पिऊ नका म्हणून पाटी लावली आणि पाटीच्या शेजारी कोलाचं मशीन लावलं. तेव्हा कुणी काटा आणला नाही माझ्या पायाखाली! आता म्हणतात, उतरव!"

"जाडे, रक्तदाब वाढेल," फिदेन्सिओ म्हणाला. लग्न झाल्यावर वर्षभरात तिनं पहिल्यांदा बाळसं धरलं, तेव्हापासून तो तिला लाडानं जाडे म्हणायचा. आजवर तिला त्यात काही टोचलं नव्हतं.

"आजपासून जाडे म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"माझ्या आईबापानं नाव ठेवलंय मला."

घरी पोचली तेव्हा तिची सासू देल्फिना, जिला मानानं सगळे दोन्या म्हणत, चुलीपुढे उभी होती. गॅसच होता तो, पण म्हातारी त्याला चूल म्हणायची आणि चुलीसारखाच वागवायची. तिच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणी डाव घातलेला तिला खपत नसे. ओतिलिया पहाटे पॅकिंगच्या कामावर जायची, ते घर म्हातारीच्या जिवावर टाकून. जेवण, डबे, नातवंडं, सगळं म्हातारीच्या हातात. एका शब्दानं कधी तिनं कुरकुर केली नाही, हे खरंच.

"काय म्हणाले गं, मीहा?" म्हातारीनं विचारलं. सुनेला ती मीहा, म्हणजे पोरी, म्हणायची.

"चरबी बंद. डुकराची चरबी, तळण, पीठ घातलेला रस्सा, सगळं बंद. माझ्यापुरतं वेगळं शिजवा. नुसतं उकडलेलं, मीठ-मिरची घालून."

"उकडलेलं? आणि पोट चिरणार ना तुझं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. आता मला काही विचारू नका, दोन्या. डोकं फिरलंय माझं."

 म्हातारीनं फडताळातून एक लहान पातेलं काढलं. त्याला हिरवं झाकण होतं. "हे तुझं," ती म्हणाली. "यातलं दुसऱ्या कुणी खायचं नाही." आणि नातवंडांकडे वळून तिनं डाव उगारला.

त्या दिवसापासून ओतिलिया खरोखर हट्टाला पेटली. कोला बंद. गोड पाव बंद. पहाटे कामाची गाडी यायच्या आधी ती चालायला निघायची. पहिल्या दिवशी रस्त्यानं गेली तर ट्रकवाल्यानं असा कर्णा वाजवला की ती गटारात उतरली. दुसऱ्या दिवशी बदामाच्या ओळींमधून गेली तर मुकादमानं हाकललं, फवारा चालू आहे म्हणाला. तिसऱ्या दिवशी वस्तीतले कुत्रे मागे लागले. शेवटी उरलं कपडे वाळत घालायचं अंगण. चहूबाजूंनी चाकांवरची पत्र्याची घरं, मध्ये तारा, तारांखाली सिमेंट. त्यातच ती घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरायला लागली.

तिची कोमाद्रे लुसिना, म्हणजे जिच्या पोराला ओतिलियानं बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलेलं, ती खिडकीतून डोकं काढून ओरडली, "काय गं कोमाद्रे, काय हरवलंय?"

"अजून नाही हरवलं! हरवायचंय!"

सगळ्या खिडक्या हसल्या. ओतिलियाही हसली, पण पाय थांबवले नाहीत.

जूनमध्ये लुसिनाच्या धाकटीचा बाप्तिस्मा झाला. तीन दिवस खपून लुसिनानं काळं मोले केलं होतं, घराघरातून वास येत होता. तिनं स्वतःच्या हातानं ताट वाढून आणलं. कोंबडीच्या तंगडीवर तो काळा, दाट, चकाकणारा रस्सा. ओतिलियानं हात जोडले. "नको गं, कोमाद्रे. राग मानू नकोस."

लुसिनाचा चेहरा पडला. आपल्यात मोलेला नाही म्हणणं म्हणजे घराच्या उंबऱ्यावर थुंकणं. "बरोबर आहे," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आता तू गोऱ्यांच्या इस्पितळात जातेस. आमचं अन्न आता तुला घाण वाटणारच."

"नाबोरसाठी करतेय मी हे!"

"नाबोरला मी काय ओळखत नाही? एका घासानं कुणाचा भाऊ मरत नाही!"

ओतिलिया उठून घरी आली.  म्हातारीनं हिरव्या झाकणाचं पातेलं पुढे सरकवलं. काळा घेवडा, वर ओव्याच्या वासाची पानं. ओतिलियानं दोन वाट्या संपवल्या आणि डोळे पुसले.

"दोन्या, चरबीशिवाय हे इतकं चवदार कसं लागतं हो? तुमच्या हाताला काय आहे?"

"हातालाच असतं सगळं," म्हातारी म्हणाली, आणि पाठ फिरवून तवा घासायला लागली.

जुलैच्या मध्यावर इस्पितळानं मधल्या तपासणीला बोलावलं. ओतिलिया उत्साहात गेली. पाय मजबूत झाले होते, दम लागत नव्हता. काट्यावर उभी राहिली.

दोनशे तीन.

"मशीन बिघडलंय," ती म्हणाली.

मिस पाचेकोनं दुसऱ्या काट्यावर उभं केलं. दोनशे तीन. मग ती पोरगी खुर्ची ओढून समोर बसली आणि आवाज मऊ करून बोलायला लागली. त्या मऊ आवाजाचीच ओतिलियाला चीड आली. "ओतिलिया, मी तुम्हाला दोष देत नाहीये. पण आपण एकमेकींशी खरं बोलायला हवं. रात्री उठून काही खाता का? कुणाला न सांगता? खूप बायका खातात."

"चोरून?"

"मी तो शब्द वापरला नाही."

"पण विचारलं तेच ना!" ओतिलिया ताडकन उठली. "दोन महिने झाले, कोलाचा थेंब नाही तोंडात. कोमाद्रे तुटली माझी एका ताटापायी. गुरासारखी गोल गोल फिरते मी. आणि तुम्ही मला चोर म्हणता?"

"मला फक्त आकडा दिसतो," मिस पाचेको म्हणाली.

घरी येऊन सांगितलं तर फिदेन्सिओ डोकं खाजवत म्हणाला, "कामावर पट्ट्यावरची पीचं खात असशील. नकळत. हात जातो."

"तुझा जातो हात! माझा नाही!"

पण खरा घाव पुढेच होता. दुसऱ्या दिवशी ती नाबोरला भेटायला डायलिसिसच्या केंद्रात गेली. त्याच्या दंडातून दोन नळ्या निघाल्या होत्या, एकीतून रक्त जात होतं, एकीतून येत होतं. त्याचा रंग आता जुन्या मेणबत्तीसारखा झाला होता. डॉक्टर त्याला म्हणाले होते की हाताच्या शिरा संपत आल्यात, फार महिने अशा चालणार नाहीत. तिनं काट्याचं सांगितलं. तो मशीनच्या फिरत्या चाकाकडे बघू लागला.

"मानीता," बहिणीला लाडाच्या नावानं हाक मारत तो हळूच म्हणाला, "द्यायचं नसेल तर सरळ सांग. मी रागावणार नाही. पोरं आहेत तुला, मला कळतं. पण काट्याच्या आड लपू नकोस."

  ओतिलिया उठली, पर्स उचलली आणि बाहेर गाडीत बसून स्टिअरिंगवर मुठी आपटत राहिली.

त्या आठवड्यात तिनं हिरव्या झाकणाच्या पातेल्यातलंही अर्धंच खाल्लं. म्हातारी बघत होती. म्हातारीच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

पुढच्या बुधवारी पॅकिंगमधला मोठा पट्टा भर उन्हात तुटला. मुकादमानं शिव्या घालत सगळ्यांना घरी पाठवलं. ओतिलिया दुपारीच वस्तीत पोचली. दारापाशी आली तोच तिला वास आला. ओळखीचा, लहानपणचा, तोंडाला पाणी सुटणारा वास. डुकराची चरबी वितळत होती.

ती मागच्या दारानं आत शिरली. म्हातारी चुलीपुढे पाठमोरी उभी होती. एका कढईत पांढरी चरबी पारदर्शक होत चालली होती. शेजारी हाडं फोडून काढलेली मज्जा एका वाटीत, कुटलेले शेंगदाणे दुसऱ्या वाटीत. म्हातारीनं कढई उचलली, हिरवं झाकण बाजूला केलं, आणि सगळी चरबी सावकाश, एक थेंब न सांडता, त्या घेवड्यात ओतली. मग मज्जा. मग शेंगदाणे. डावानं छान घोटलं. ओठ हलत होते तिचे, ती काहीतरी पुटपुटत होती.

"दोन्या!"

म्हातारीच्या हातातला डाव खाली पडला.

"हे काय करताय?" ओतिलियाचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "हे माझं पातेलं आहे ना? माझंच ना? किती दिवस चाललंय हे?"

"ओरडू नकोस, मीहा. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! सगळ्या खोऱ्याला ऐकू देत! पहिल्या दिवसापासून?"

म्हातारीनं मान हलवली. पहिल्या दिवसापासून.

"का? काय बिघडवलं मी तुमचं? माझा भाऊ मरावा असं वाटतं तुम्हाला?"

आता म्हातारी भडकली. चार फुटांची ती बाई, पण चुलीपुढे उभी राहिली की सगळ्यांना उंच वाटायची. "जीभ आवर! तुझा भाऊ मरावा म्हणून मी रोज आपल्या गावाकडच्या देवीपुढे, हुकिलाच्या माउलीपुढे मेणबत्ती लावते होय? अगं, तुला चिरणारेत ते! बरगडीपासून कमरेपर्यंत! आतून एक अख्खा अवयव काढून घेणार! आणि तू चालली उकडलेल्या पाल्यावर! माझी बहीण आम्पारो अशीच गेली शहरातल्या इस्पितळात. तिलाही सांगितलं होतं, उकडलेलं खा. हाडाची काडी झाली होती. चिरली, आणि शिवलेलं जुळलंच नाही. चादरीत गुंडाळून परत दिली मला. अंगावर मांस नसेल तर जखम भरणार कशानं? हवेनं?"

"पण डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरला काय! डॉक्टरला सुरी सरळ जाते की नाही एवढंच बघायचं असतं. चरबी असली की त्यांचे हात बुळबुळतात, म्हणून सांगतात बारीक व्हा. चिरणं त्यांचं काम. भरून काढणं कुणाचं? माझंच ना? माउलीला नवस बोललेय मी, ही नीट उठून बसली तर हिची वेणी तुझ्या पायाशी वाहीन. तुला उठवायला घालत होते मी हे सगळं! तू चालून चालून सुकायला लागलीस, म्हणून मग शेंगदाणे घातले."

ओतिलिया खुर्चीवर बसली. हसावं, रडावं की पातेलं उचलून भिंतीवर फेकावं, तिला कळेना. तिनं तिसरं केलं. घेवडा भिंतीवरून ओघळत खाली आला आणि फरशीवर चरबीचा तवंग पसरला.

"दोन्या," ती दात आवळून म्हणाली, "काटा खाली आला नाही तर ते मला चिरणारच नाहीत. चिरणारच नाहीत! दारातूनच परत पाठवणार. आणि नाबोर त्या खुर्चीतच जाणार. कळतंय का?"

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. "काटा... आधी?"

"आधी! आधी काटा, मग ऑपरेशन!"

"हे मला कुणी सांगितलं?" म्हातारी ओरडली. तिचा आवाज फाटला. "तू सांगितलंस? आलीस आणि म्हणालीस, डोकं फिरलंय, विचारू नका! त्या तुझ्या आहारवालीनं सांगितलं? तिनं विचारलं कधी, तुझ्या घरात रांधतं कोण? मी या हातांनी बावीस माणसांना जेवू घालून मोठं केलंय, आणि एवढी गोष्ट कुणाला मला सांगावीशी वाटली नाही?"

 म्हातारीचं खरं होतं, आणि म्हणून ओतिलियाचा राग आणखी वाढला, फक्त आता तो म्हातारीवर राहिला नाही. कुणी विचारलं नव्हतं. रंगीत कागद दिला होता, मासा दिला होता, लिंबाची चकती दिली होती. घरात रांधतं कोण, हे एका माणसानं विचारलं नव्हतं.

"चपला घाला," ती म्हणाली.

"कुठे?"

"नाबोरकडे. तुम्ही त्याला सांगायचं. माझ्या तोंडून त्याला पटणार नाही."

म्हातारीनं डोक्यावरून शाल घेतली. रिकामं पातेलं आणि त्याचं हिरवं झाकणही पिशवीत टाकलं, कशाला ते तिचं तिलाच माहीत.

डायलिसिसच्या केंद्रात नाबोर नळ्यांना बांधलेला बसला होता, उठून जायची सोय नव्हती. म्हातारी थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि पातेलं त्याच्या मांडीवर ठेवलं. "हुंग," ती म्हणाली.

त्यानं गोंधळून बहिणीकडे पाहिलं.

"हुंग म्हणते ना! डुकराची चरबी आहे. मी घालत होते, हिच्या जेवणात, हिला न सांगता. ही बिचारी उकडलेलं समजून खात होती आणि वर माझ्या हाताचं कौतुक करत होती. चोर मी आहे. हिच्याशी बोललास ते परत घे, पोरा."

शेजारचा घोरणारा माणूसही जागा झाला. नाबोरनं पातेल्यात पाहिलं. कडेला पांढरा थर गोठला होता.

"तुला गोवर निघाला होता," ओतिलिया म्हणाली. आवाज खाली ठेवायचा तिनं प्रयत्न केला, पण जमलं नाही. "तीन वर्षांचा होतास. आई शेतात होती. मी तुला पाठीवर बांधून डोंगर उतरले, दवाखान्यापर्यंत, ओढ्यातून. अकरा वर्षांची होते मी. तेव्हा मी काट्याच्या आड लपले होते का रे? सांग ना! आणि तू मला म्हणतोस, लपू नकोस?"

नाबोरनं मोकळ्या हातानं डोळे झाकले. "मला भीती वाटली गं," तो म्हणाला. "तू देणार नाहीस हे मानणं सोपं होतं. तू देणार आहेस, तरी मिळणार नाही, हे सोसत नव्हतं."

"मग भीती वाटते असं म्हण! माझ्या तोंडावर कशाला मारतोस?" असं म्हणून तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं, नळ्या सांभाळून. तिचा राग गेला नव्हता. पण धरलं.

त्यानंतर हिरव्या झाकणाच्या पातेल्यात खरंच उकडलेलं शिजायला लागलं. म्हातारी रोज ते रांधताना स्वतःशी पुटपुटायची, "कोंबड्यांना घालतात असलं." पण घालायची. कोवळी निवडुंगाची पानं भाजून, माठाच्या भाजीसारखी रानभाजी परतून, मिरचीचा झणझणीत ठेचा करून. गावाकडे गरिबीत जे खायचे तेच सगळं. "हेच पाहिजे होतं होय त्यांना?" ती म्हणाली. "मग मासा कशाला काढला चित्रात? आपलं चुलीवरचं काढलं असतं तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं."

आणि पहाटे ती सोबत निघायची, झाडूचा दांडा घेऊन. कुत्र्यांनी एकदाच दांडा खाल्ला, मग वस्तीतला रस्ता मोकळा झाला. ऑगस्टमध्ये लुसिना खिडकीतून हाक न मारताच खाली आली आणि दोघींच्या मागून चालायला लागली. कुणी मोलेचं नाव काढलं नाही. पीचचा हंगाम संपला, झाडं हलवून बदाम पाडायची यंत्रं आली, सगळीकडे धूळ उठली, तोंडाला फडकी बांधून त्या चालत राहिल्या. फिदेन्सिओनं तिला आता ओतिलिया म्हणायला सुरुवात केली होती. ऐकून तिला परक्यासारखं वाटायचं, पण ते तिनं त्याला सांगितलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी तिघं इस्पितळात गेले. म्हातारीनं ठेवणीतली शाल घेतली होती. फिदेन्सिओ बाहेर थांबला. आदल्या दिवसापासून ओतिलियानं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"अरे वा!" मिस पाचेको म्हणाली. "चेहरा किती बारीक झालाय!"

ओतिलिया काट्यावर चढली. एकशे सत्याऐंशी पूर्णांक नऊ.

 ती खाली उतरली. यावेळी कुणाला न विचारता तिनं बूट काढले. मोजे काढले. जाकीट काढलं, पट्टा काढला, कानातले आणि गळ्यातला क्रूस काढून म्हातारीच्या हातात दिला. परत चढली. एकशे पंच्याऐंशी पूर्णांक चार.

"आता काय राहिलं?" म्हातारीनं विचारलं.

"कातडी," ओतिलिया म्हणाली. 

म्हातारीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओतिलियाची वेणी कमरेच्या खाली येत होती, मनगटाएवढी जाड, लहानपणापासून कधी कात्री न लागलेली. म्हातारीनं टेबलावरच्या पेल्यातून मिस पाचेकोची कात्री उचलली.

"दोन्या, नवस ऑपरेशननंतरचा होता."

"आगाऊ दिलं तर माउली काय नको म्हणणारे? मान खाली घाल."

"थांबा, थांबा," मिस पाचेको उठली, पण म्हातारीनं तिच्याकडे असं पाहिलं की ती परत बसली. कागद कापायची कात्री ती. केस दाट. म्हातारी दोन्ही हातांनी दाबत होती, कचकच आवाज येत होता, ओतिलियाचं डोकं मागे ओढलं जात होतं. शेवटी वेणी म्हातारीच्या हातात आली. ओतिलियाची मान एकदम हलकी झाली.

आकडे डळमळले आणि थांबले. एकशे पंच्याऐंशी. शून्य.

मिस पाचेकोनं तोंडावर हात ठेवला. "अहो, हे काय केलंत! एवढ्याशासाठी? मी एकशे पंच्याऐंशीच लिहिलं असतं ना! एक-दोन पौंडांचं आम्ही नेहमीच बघून घेतो. माणूस मनापासून करतंय असं दिसलं की..."

 म्हातारीला इंग्रजी कळत नव्हतं, पण हे ती पोरगी आपल्याच भाषेत बोलली होती. म्हातारीनं वेणी छातीशी घट्ट धरली.

"नेहमी?" ओतिलियानं विचारलं.

"म्हणजे... हो."

"मग मे महिन्यात एक औंससुद्धा नाही म्हणालात, ते? जुलैत मला चोरून खाते का म्हणून विचारलंत, माझा भाऊ मला खोटारडी समजला, तेव्हा हे सांगायला काय तोंडात मिठाची गुळणी धरली होती?"

मिस पाचेकोचे कान लाल झाले. "तुम्ही खाली या, बसा, आपण शांतपणे..."

"लिहा," ओतिलिया म्हणाली.

"लिहिते, तुम्ही आधी..."

"आधी आकडा लिहा. माझ्यासमोर. मला काय बोलायचंय ते मी मग बोलणारच आहे, आणि तुम्ही ते बसून ऐकणार आहात."

म्हातारी पुढे झाली आणि काट्याशेजारी सुनेला खेटून उभी राहिली. मिस पाचेकोनं कॉम्प्युटर पुढे ओढला. ओतिलिया अनवाणी, मानेवर तुटके केस घेऊन, आकडा लिहून होईपर्यंत काट्यावरून उतरली नाही.